फ्रेम नंबर वाचल्याशिवाय जुनी सायकल घेऊ नका

सेकंड-हँड सायकल घेणाऱ्या प्रत्येकाला एक कळकळीची विनंती आहे. पैसे द्यायच्या आधी सायकल उलटी करा आणि फ्रेम नंबर, म्हणजे सायकलीच्या सांगाड्यावरचा तिचा ओळख क्रमांक, वाचा. गिअर, ब्रेक, टायर, रंग हे सगळं त्यानंतर. नंबर वाचता येत नसेल, किंवा समोरचा तो दाखवायला का-कू करत असेल, तर सायकल कितीही मनात भरली असली तरी तिथून निघा.

हे इतकं ठासून सांगायचं कारण असं की सायकल चोरणाऱ्याला बहुतेक वेळा ती चालवायची नसते, विकायची असते. कुलूप तोडणं हे त्याचं अर्धंच काम. पैसे हातात पडतात ते कोणीतरी एक प्रश्नही न विचारता ती विकत घेतो तेव्हा. कोणतं कुलूप चांगलं यावर आपण तासन्तास वाद घालतो, पण या शेवटच्या गिऱ्हाइकाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या धंद्याचा सगळ्यात मोठा आधार तो गिऱ्हाईकच आहे. आणि तो कोणी गुंड नसतो. चार पैसे वाचतायत म्हणून कानाडोळा केलेला साधा माणूस असतो.

तर आधी नंबर. बहुतेक सायकलींवर तो बॉटम ब्रॅकेटच्या खाली, म्हणजे पेडलचे दोन्ही दांडे (क्रँक) ज्या आडव्या नळीला धरून फिरतात तिच्या पोटाशी, धातूत ठोकलेला असतो. तिथे नसेल तर सीटखालच्या उभ्या नळीवर, हँडलखालच्या पुढच्या नळीवर, किंवा मागच्या चाकाचा आस जिथे बसतो तिथल्या पट्टीवर शोधा. त्या जागी चिखल आणि ग्रीस साचलेलं असतं, ते ओल्या फडक्याने पुसून घ्या. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरका धरा. तिरक्या उजेडात ठोकलेल्या अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि रंगाच्या थराखाली बुजलेला नंबरही उठून दिसतो. फोटो काढा आणि मगच टिपून घ्या, कारण शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांत हमखास गफलत होते. कार्बन फ्रेमवर पंच मारता येत नाही. तिथे नंबर बहुतेकदा पारदर्शक लेपाखाली लावलेल्या लेबलवर असतो. ते लेबल खरवडलेलं असेल तर नंबर नाही असंच समजा.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), क्रँक, चिमटा, ब्रेक यांच्यावर कोरलेली अक्षरं-आकडे हा फ्रेम नंबर नव्हे. ते त्या भागाचं मॉडेल असतं आणि तेच आकडे हजारो सायकलींवर सापडतात. विकणारा त्यातलाच एखादा आकडा दाखवून वेळ मारून नेत असेल तर सावध व्हा.

नंबर घालवायला कानस मारलेली जागा ओळखायला अवघड नाही, फक्त बोट फिरवून बघावं लागतं. आजूबाजूची नळी गोल आणि तेवढाच तुकडा चपटा लागतो. त्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक समांतर रेघा दिसतात, नाहीतर त्या लपवायला तेवढ्यापुरता जाड रंग दिलेला असतो आणि त्याची चमक बाकीच्या फ्रेमपेक्षा वेगळी असते. 'गंजून गेला हो नंबर' असं सांगतील. गंज नेमका नंबरापुरता धरत नाही, तो आजूबाजूलाही पसरलेला असतो. क्वचित एखादा आकडा वरून पुन्हा ठोकून बदललेला असतो, तीनचा आठ किंवा एकचा चार. अशा वेळी त्या एका आकड्याची खोली आणि उंची शेजारच्या आकड्यांशी जुळत नाही.

रंगाचंही तसंच. जुन्या सायकलीला नवा रंग देणं हा काही गुन्हा नाही. पण हौसेने रंग देणारा माणूस आधी सुटे भाग उतरवतो. घाईत मारलेला स्प्रे केबलच्या आवरणावर, नटांच्या खाचांत, टायरच्या कडेवर उडालेला असतो. सीटचा क्लँप सैल करून जरा वर सरकवा. खाली दुसऱ्याच रंगाचा पट्टा निघाला तर रंग का बदलला, हे विचारा आणि उत्तर नीट ऐका. कुलूप कापायला ग्राइंडर चालवताना चुकून लागलेले खोल, सरळ ओरखडे सीटच्या नळीवर आणि मागच्या त्रिकोणाच्या दांड्यांवर सापडतात. फ्रेमवर कुलूप अडकवायचा ब्रॅकेट आहे पण कुलूप नाही, ही खूणही मनात ठेवा.

ई-सायकल असेल तर बॅटरीची चावी आणि मूळ चार्जर मागा. चोराकडे सहसा यातलं काहीच नसतं. 'चावी हरवली' हे एकवेळ समजू शकतं, पण चावी नाही, चार्जर नाही आणि बॅटरीच्या कुलपाभोवती स्क्रू-ड्रायव्हरचे व्रणही आहेत, तर पुढे बोलण्यातच अर्थ नाही. मोटर आणि बॅटरी यांनाही स्वतंत्र नंबर असतात. फ्रेम नंबरासोबत तेही टिपून ठेवा.

यातल्या एकाच खुणेवरून कोणाला चोर ठरवू नका. सीटची उंची विकणाऱ्याला न जुळणं हीही एक खूण, पण भावाची किंवा मुलाची सायकल विकणाऱ्याला ती जुळणारच नाही, आणि बिल तर बऱ्याच प्रामाणिक लोकांकडेही नसतं. खुणा दोन-तीन एकत्र आल्या की मात्र कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की.

प्रश्न विचारायचे ते साधेच, पण सायकल वापरणाऱ्यालाच ज्यांची उत्तरं येतात असे. ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता, बारीक प्रेस्टा की गाड्यांना असतो तसा जाड श्रेडर? जो स्वतः हवा भरतो त्याला हे माहीत असतंच. चेन शेवटची कधी बदलली? कोणता गिअर नीट पडत नाही? वापरलेल्या सायकलीत काही ना काही कुरकुर असते आणि खरा मालक ती न विचारताही सांगतो. 'एकदम कंडिशनमध्ये आहे' एवढंच ऐकू आलं तर जुना फोटो मागा. हौसेने घेतलेल्या सायकलीचा एखादा तरी फोटो फोनमध्ये असतोच.

जाहिरातीतूनही बरंच कळतं. स्वतः काढलेल्या फोटोंऐवजी कंपनीच्या वेबसाइटवरचे फोटो, मॉडेलचं नाव नाही, साइज नाही, फक्त 'अर्जंट विकणे', एकाच माणसाकडे वेगवेगळ्या मापाच्या चार सायकली, भेटायला घरी न बोलावता कुठल्यातरी पार्किंगमध्ये, पैसे फक्त रोख. किंमत बाजारभावाच्या निम्म्याहूनही कमी असेल तर ती का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एक गोष्ट मात्र विकणाऱ्याच्या बाजूने सांगायला हवी. नंबर जाहिरातीत उघड टाकायला काही जण घाबरतात, कारण तो उचलून कोणी खोटा दावा ठोकू शकतो. ही भीती रास्त आहे. पण समोरासमोर भेटल्यावर नंबर दाखवायला आणि तुम्ही तो तपासेपर्यंत दहा मिनिटं थांबायला प्रामाणिक माणूस नाही म्हणत नाही.

तपासायचा कुठे? बाइक इंडेक्स ही ना-नफा तत्त्वावर चालणारी ऑनलाइन नोंदवही आहे. तिथे कोणीही नंबर टाकून ती सायकल चोरीला गेल्याची नोंद आहे का हे फुकट पाहू शकतं. ५२९ गॅरेज हीही तशीच सोय. काही देशांत सरकारी व्यवस्था आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलीवर ओळख क्रमांक बंधनकारक झाला आणि त्याच वर्षी १ जुलैपासून दुकानदारांनी विकलेल्या जुन्या सायकलींनाही तो नियम लागू झाला. लहान मुलांच्या छोट्या सायकली त्यातून वगळल्या आहेत. प्रत्येक देशाने असं करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पण नोंदवहीत काही सापडलं नाही म्हणजे सायकल चोख आहे असं धरून चालू नका. इथेच खूप जण फसतात. चोरी कालच झालेली असेल, मालकाला अजून पत्ताच नसेल, किंवा त्याने नंबर कधी टिपूनच ठेवला नसेल तर नोंद होणार कशी? शिवाय सायकलींच्या नंबरांना साऱ्या जगाला लागू असा एकच नियम नाही. दोन कंपन्यांच्या दोन सायकलींवर तोच नंबर असू शकतो. म्हणून नंबर जुळला तरी कंपनी, मॉडेल, रंग, साइज जुळवून बघा. त्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला नंबर दिला तर अनेकदा मॉडेल आणि वर्ष कळतं. नंबर एका मॉडेलचा आणि फ्रेमवरचे स्टिकर दुसऱ्याच मॉडेलचे, तर व्यवहार तिथेच थांबवा.

सगळं ठीक वाटलं तरी व्यवहार कागदावर करा. एका साध्या कागदावर दोघांची नावं, तारीख, रक्कम, सायकलचं वर्णन, फ्रेम नंबर आणि दोघांच्या सह्या. सोबत विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो, आणि पैसे बँकेतून. अनेक देशांच्या कायद्यात चोरीची वस्तू पैसे मोजून घेतली तरी ती तुमच्या मालकीची होत नाही. मूळ मालक पुराव्यानिशी आला की सायकल जाते आणि तुमचे पैसे विकणाऱ्याकडून वसूल करायची वेळ येते. तोवर त्याचा फोन बंद झालेला असतो. रोखीत आणि बिनकागदाने घेतलेल्या माणसाकडे तेव्हा दाखवायला काहीच उरत नाही.

स्वतःचीच चोरीला गेलेली सायकल जाहिरातीत दिसली तर राग येणं साहजिक आहे, पण एकट्याने जाऊन भिडू नका. जाहिरातीचे, विकणाऱ्याच्या प्रोफाइलचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि बिलासकट पोलिसांकडे द्या. विकणारा चोरच असेल असंही नाही. तुमच्या-माझ्यासारखाच कोणी न तपासता घेऊन फसलेला असू शकतो.

कुलपाचं थोडक्यात सांगायचं तर बारीक केबलवर कधीच विसंबू नका. हातातल्या कटरने ती काही सेकंदांत तुटते. चांगलं यू-लॉक फ्रेम आणि मागचं चाक दोन्हीमधून घेऊन पक्क्या खांबाला लावा. कुलपाच्या आत जागा जितकी कमी उरेल तितकं चांगलं, म्हणजे पहार घालून पीळ देता येत नाही. खांब एकदा हलवून बघा, काही खांब वर उचलले की निघतात. ग्राइंडरपुढे बहुतेक कुलपं फार वेळ टिकत नाहीत, आणि तेव्हाच नंबराची नोंद कामाला येते.

म्हणून सायकल घरी आणल्याच्या दिवशीच नंबराचा फोटो, चेनच्या बाजूने संपूर्ण सायकलचा फोटो, तिच्यावरचे खास ओरखडे आणि बिल किंवा पावती हे सगळं स्वतःलाच मेल करून ठेवा. नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या नळीत टाका. नंबर घासला गेला तरी ती आत राहण्याची शक्यता असते. आणि आधीच्या मालकाने कुठे नोंद केलेली असेल तर ती तुमच्या नावावर करायला त्याला तिथल्या तिथे सांगा. ते राहून गेलं, तर पुढे तुम्ही सायकल विकायला काढाल तेव्हा नंबर तपासणाऱ्याला तिथे दुसऱ्याचंच नाव दिसेल.