जिंकलेला देश वाटून घेण्याची सोपी पद्धत

युद्ध जिंकलात? अभिनंदन. आता खरी पंचाईत, कारण शत्रू शरण आलाय आणि मित्र मात्र शिल्लक आहेत. घाबरू नका. १९४५ च्या जुलैत, जर्मनीला हरवल्यावर, अमेरिका, ब्रिटन आणि रशियाचे नेते बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमला जमले तेव्हा जे घडलं तेच गिरवा.

आधी टेबल. ते गोलच हवं, म्हणजे मानाच्या जागेवरून रुसवेफुगवे नकोत. समानता अशी पक्की झाली की राजवाड्याच्या अंगणात लाल जिरेनियमच्या फुलांची भलीमोठी चांदणी, म्हणजे रशियाची खूण, फुलवा. घर सध्या कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहुण्यांना विचारावं लागत नाही. मध्येच ब्रिटनच्या निवडणुकीचा निकाल लागून पंतप्रधान चर्चिल गेले आणि ॲटली आले, तर खुर्ची तीच ठेवा, बोलणी चालू ठेवा. फ्रान्सला बोलावू नका. जर्मनीचा एक तुकडा आणि जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या चार देशांच्या नियंत्रण मंडळात नकाराधिकार मात्र देऊन टाका. ज्याला ठरवताना विचारलं नाही, तो पुढे किती उत्साहानं ‘नाही’ म्हणतो ते बघाच.

मग मजकूर. ‘जर्मनी हे एकच आर्थिक एकक’ असं ठणकावून लिहा आणि त्याच कागदात युद्धाची भरपाई ज्यानं त्यानं आपापल्या ताब्यातल्या विभागातून उचलावी, असंही लिहा. पश्चिमेकडच्या जादा यंत्रसामग्रीतून रशियाला १५ टक्के धान्य-कोळशाच्या बदल्यात, शिवाय १० टक्के फुकट. एकूण किती यंत्रांचे टक्के? ते सहा महिन्यांत ठरवू म्हणा. टक्क्यांवर एकमत व्हायला कोणाची हरकत नसते.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रस्ता. आपल्याकडे दोन भाऊ वावर वाटून घेतात तेव्हा बांधावरची वहिवाट आधी कागदावर आणतात. एवढं संशयी होऊ नये. बर्लिन रशियन विभागात दीडशेहून अधिक किलोमीटर आत. पण शहरही चौघांत वाटलेलं, म्हणून तिथं पाश्चात्त्यांनी आपलं सैन्य ठेवायचं, आणि जायचं कसं? २९ जून १९४५ ला अमेरिकेचे जनरल क्ले यांनी रशियाचे मार्शल झुकोव यांच्याशी बोलून एक महामार्ग आणि एक रेल्वेमार्ग मिळवला. तोंडी. मोठ्या माणसांत लेखी कशाला मागायचं! चुकून नोव्हेंबरात विमानांच्या तीन मार्गांचा तेवढा लेखी करार झाला. तेवढी चूक तुमच्याकडूनही होऊ द्या. १९४८ च्या जूनमध्ये पाश्चात्त्यांनी आणलेल्या मार्क या नव्या चलनाच्या नोटांवरून बिनसलं, रशियानं रस्ते आणि रूळ बंद केले, तेव्हा वीस-बावीस लाख पश्चिम बर्लिनकरांचा कोळसासुद्धा त्याच कागदाच्या भरवशावर आकाशातून आला. जवळजवळ वर्षभर.

शांतता कराराची घाई मुळीच नको. पॉट्सडॅमला तो पुढच्यासाठी ठेवला, तो १२ सप्टेंबर १९९० ला मॉस्कोत उरकला. त्या खेपेला टेबलावर जर्मनांनाही बसवलं होतं, पूर्व आणि पश्चिम अशा दोन्हींकडच्या.