लेझरने आतड्याचा पीळ सुटत नाही

'पोटाच्या ऑपरेशननंतर आतडं अडलं तर दुसऱ्या ऑपरेशनला होकार देऊ नका. गुडघ्याखालच्या बिंदूवर लेझर अ‍ॅक्युपंक्चर (सुईऐवजी लेझरचा किरण) करा, आतडं मोकळं होतं. हे सिद्ध झालंय आणि अपाय काहीच नाही,' असा मजकूर ग्रुपांवर फिरतोय. घरात पोट फुगलेला पेशंट असताना यापायी एक दिवस जरी गेला तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून लिहितो आहे.

'आतडं अडलं' म्हणजे नेमकं काय, इथेच घोळ आहे. ऑपरेशननंतर काही दिवस आतडं सुस्तावतं. हाताळणीची सूज, मॉर्फिनसारखी औषधं, रक्तातलं कमी झालेलं पोटॅशियम ही त्याची कारणं. नळी मोकळीच असते, पुढे ढकलणं तेवढं थांबतं. दुसऱ्या प्रकारात नळीच बंद होते. जखम भरताना पोटात चिकट पट्टे तयार होतात आणि ते आतड्याला आवळतात किंवा पीळ पाडतात. ऑपरेशनला वीस वर्षं उलटल्यावरही हे होऊ शकतं.

'सिद्ध झालंय' म्हणताना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या 165 रुग्णांवरचा हाँगकाँगचा 2013 सालचा अभ्यास पाहायला हवा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर अ‍ॅक्युपंक्चर न घेतलेल्यांना पहिल्यांदा शौचास सरासरी 122 तासांनी झाली, घेतलेल्यांना 86 तासांनी. फायदा खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण तिथे सुया टोचून त्यांतून वीज सोडली होती, लेझर नव्हता. आणि प्रश्न सुस्तावलेल्या आतड्याचा होता, आवळलेल्या नव्हे.

लेझर मज्जातंतूंमार्फत आतड्याला चालना देतो, असं समर्थक म्हणतात. ते खरं धरलं तरी पट्टा कसा सुटणार? वाट बंद असताना जोर वाढवला तर कळा वाढतात. म्हणूनच मेटोक्लोप्रमाइडसारखं चालना देणारं औषधही तेव्हा टाळतात.

'आमच्या काकांचं ऑपरेशन टळलं,' हेही खरं असेल. पट्ट्यांमुळे अडलेली कितीतरी आतडी उपास, सलाईन आणि नाकातून घातलेल्या रायल्स ट्यूबवर मोकळी होतात. पेशंटला पाजलेलं एक्स-रेत दिसणारं औषध 24 तासांत मोठ्या आतड्यात उतरलं, तर बहुधा ऑपरेशन लागत नाही. धोक्याची चिन्हं नसतील तर सर्जन स्वतःच साधारण 72 तासांपर्यंत थांबतात. लेझर त्याच दिवसांत दिला, तर श्रेय त्याला जातं.

'अपाय नाही' हे सर्वांत घातक वाक्य. पीळ पडून रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत आतडं काळं पडतं. उलट्या थांबत नसतील, गॅस सरत नसेल, दुखणं कळांऐवजी सलग झालं असेल, ताप असेल किंवा नाडी जलद असेल, तर सर्जन आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय त्याच रात्री गाठा.