अहो, लावू द्या ना त्यांना बटण!!

चाळीस मिनिटं. घड्याळ बघून सांगते, चाळीस मिनिटं लागली माझ्या पेशंट आजोबांना शर्टाची तीन बटणं लावायला, आणि चौथं बटण काजाच्या तोंडाशी आलेलं, म्हणजे अक्षरशः अर्धं आत गेलेलं, आजोबांची जीभ बाहेर आलेली लहान पोरासारखी, मी श्वास धरून बसलेली, आणि तेवढ्यात त्यांचा मुलगा आला, म्हणाला "काय मॅडम, कशाला छळताय म्हाताऱ्या माणसाला", आणि टक टक टक, राहिलेली तिन्ही बटणं पाच सेकंदात लावून मोकळा. वर माझ्याकडे बघून हसला. जणू काय मला येत नव्हतं, त्याने करून दाखवलं!

बाप्पा, मला बटणं लावता येतात हो!! मी सुद्धा पाच सेकंदात लावू शकते. न लावता बसून राहायचे चाळीस मिनिटं, हेच तर शिकायला साडेचार वर्षं लागून राहिली आहेत मला.

तर झालं असं की मी नागपूरकडची, ऑक्युपेशनल थेरपीची इंटर्न, म्हणजे आजारानंतर माणसाला रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवायचं काम. सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमधले दोन महिने बाहेरच्या सेंटरला करायचे होते आणि आईची एक लांबची मावशी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, तर सगळ्यांनी ठरवलं की बडोदा बेस्ट, घरचं जेवण मिळेल, आपली माणसं आहेत, गायकवाडांपासून मराठीच मराठी आहे तिकडे. आहे ना, मराठी आहे. पण पेशंटच्या रांगेत चारातले तीन गुजराती आणि माझी गुजराती म्हणजे "केम छो" वर सुरू आणि तिथेच खल्लास. पहिल्या आठवड्यात एका काकांना मी दहा मिनिटं डावा हात उचला म्हणून सांगत होती आणि ते बिचारे उजवा उचलत होते, कारण मी "जमणो" म्हणत होती. जमणो म्हणजे उजवा. मला वाटलं डाबो-जमणो मधला जमणो डावा असेल, कशावरून वाटलं विचारू नका. मग मावशीने सांगितलं, अगं जमवुं म्हणजे जेवणं, ज्या हाताने जेवायचं तो जमणो हाथ. आता जन्मात विसरणार नाही.

आणि याच जमणो हाथाने माझं डोकं खाल्लंय. आजोबांना उजव्या बाजूचा लकवा आहे. उजवा हात अजून टेबलावर ठेवला तर राहतो, तेवढंच. तो सुधारायचं काम चालू आहेच, पण तोपर्यंत माणसाने काय उपाशी राहायचं का दुसऱ्याच्या हातून खायचं? तर डाव्या हाताने चमचा धरायची प्रॅक्टिस सुरू केली. चमच्याच्या दांड्याला फोम गुंडाळला, जाड केला, ताटाखाली घसरू नये म्हणून रबरी मॅट ठेवली, मस्त चाललं होतं, चार घास वरणभात स्वतःच्या हाताने खाल्ले त्यांनी. तर घरी काय झालं असेल? "डाव्या हाताने जेवायचं? देवाधर्माचं घर आहे आमचं." मुलाने सांगितलं मला हे, सॉफ्टवेअरवाला आहे तो, अलकापुरीत ऑफिस आहे त्याचं! सयाजीरावांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं म्हणे, माझं म्हणणं आहे पेशंटच्या नातेवाइकांसाठी एक आठवड्याचं अजून करायला पाहिजे होतं.

तर घरी पुन्हा भरवणं सुरू. सकाळी दात वहिनी (आजोबांची सून) घासून देणार, शर्ट मुलगा घालून देणार, चहा बशीत ओतून फुंकून तोंडाला लावणार. आणि मग दर सोमवारी मला विचारणार, "मॅडम, सुधारणा का नाही?" मी आठवड्यातून पाच दिवस पाऊण पाऊण तास मेहनत घेऊन जे शिकवते ते उरलेल्या सगळ्या तासांत घरचे प्रेमाने पुसून टाकतात. प्रेमानेच हो, ते नाकारतच नाही मी, म्हणून तर ओरडता पण येत नाही ना! एखादा दुष्टपणाने वागला असता तर भांडली असती, हे लोक आजोबांना तूप वाढून राहिले आणि हात घालवून राहिले.

बरं शर्टाचं सुद्धा शंभर वेळा सांगून झालं, घालताना लकव्याचा हात आधी, काढताना लकव्याचा हात शेवटी. एवढंच पाठ करायचंय. दोन वाक्यं. कागदावर लिहून दिलं, मराठीत, कपाटाला चिकटवा म्हटलं. दुसऱ्या दिवशी मुलाने चांगला हात आधी घातला आणि मग लकव्याचा हात मागून ओढून बाहीत कोंबला, खांदा दुखतो म्हणून आजोबा दोन दिवस आलेच नाहीत. कागद कुठे आहे विचारलं तर म्हणे रद्दीत गेला असेल.

आजोबांना पहिल्या दिवशी विचारलं होतं मी, तुम्हाला काय काय स्वतःचं स्वतः करायचंय. आम्हाला शिकवतात तसं, पेशंटला विचारून ध्येय ठरवा. लोक साधारण म्हणतात चालायचंय, हात हलवायचाय. आजोबा सावकाश, एक एक शब्द जुळवत म्हणाले, "नाडी. पायजम्याची नाडी. सुनेला सांगायचं का मी?" मग थांबून म्हणाले, "आणि बटणं." बस. एका हाताने नाडीची गाठ मारणं म्हणजे मला सुद्धा जमत नाही, घरी येऊन करून बघितलं, दातात धरून पण नाही जमत. म्हणून पायजम्याला इलॅस्टिक लावून घेतलं, ते त्यांनी मान्य केलं. पण शर्ट म्हणाले बटणाचाच. आयुष्यभर कडक इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला गेलेला माणूस आहे. मग मी जाड तार वाकवून, त्याला सायकलच्या हँडलचा ग्रिप लावून बटणाचा हुक बनवला, काजातून घालायचा, बटण पकडायचं, ओढायचं. त्याच हुकावर ती तीन बटणं लागली होती आज. साडेतीन म्हणा.

आता हॉस्पिटलचं ऐका. नाव नाही सांगणार, सर्टिफिकेट मिळायचंय अजून. पहिल्या दिवशी गेटवर सांगितलं "ओटीची इंटर्न आहे", वॉचमनने तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. ऑपरेशन थिएटर!! तिथल्या सिस्टर म्हणाल्या चप्पल काढ, टोपी घाल. मी टोपी घालून उभी पण राहिली दोन मिनिटं, भैताडासारखी, मला वाटलं इथे असाच नियम असेल. तेव्हापासून मी पूर्ण नाव सांगते, ऑक्युपेशनल थेरपी, तर लोक विचारतात, "म्हणजे नोकरी लावून देता का?" एका काकूंनी त्यांच्या मुलाचा बायोडाटा आणून दिला हो, बी.कॉम. झालाय, अकाउंट्स चालेल म्हणे. कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएमला हा कोर्स सुरू केला, पंचाहत्तर वर्षं झाली, आरोग्य व्यावसायिकांच्या २०२१ च्या कायद्यात सुद्धा आमचं वेगळं नाव आहे, आणि मी इकडे बायोडाटे गोळा करून राहिली.

आणि ज्यांना कळतं त्यांच्यासाठी मी "फिजियोवाळा बेन". फिजिओबद्दल काही म्हणणं नाही माझं, बेस्ट फ्रेंड फिजिओ आहे माझी. पण सर (ते फिजिओचे, विभाग त्यांच्याकडे, आमच्या मॅडम आठवड्यातून तीनच दिवस येतात) सरळ म्हणतात, तुझं काम तसं खेळण्यांचं आहे, ते नंतर कर, आधी त्या चार जणांना शेक दे आणि मशीनच्या पट्ट्या लाव. खेळण्यांचं! मणी ओवायला दिले, भोकांत खुंट्या लावायला दिल्या की ते यांना टाइमपास दिसतं, चिमटीत मणी धरता आला की उद्या औषधाची गोळी पाकिटातून काढता येते हे कोणाला सांगायचं? आमच्या जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे शिक्षणात कमीत कमी १००० तास प्रत्यक्ष काम लागतं. माझ्या लॉगबुकात तास भरतायत, भरतायत, पण त्यातले किती झेरॉक्सच्या रांगेत गेले ते लिहायला कॉलम नाही. स्टायपेंड शून्य, शटल रिक्षाचे पैसे माझे, फोम माझा, तार माझी, ग्रिप माझा.

आणि स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवायचा साचा)! तो किस्सा राहिलाच. उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आधी इथे पोरं महिनाभर गच्चीवर असतात, मांजाने बोटं कापून घेतात. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी आहे, ती कागदावर. एक पोरगा आला, डिसेंबरच्या शेवटी दोन बोटांच्या वाकवायच्या नसा (टेंडन) कापलेल्या, डॉक्टरांनी ऑपरेशन करून जोडलेल्या. अशा वेळी हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट द्यायचा, बोटं पूर्ण सरळ होणार नाहीत असा, सहा आठवडे, आणि त्या हाताने काही म्हणजे काही पकडायचं नाही. स्प्लिंटच्या शीटचं कपाट कुलूपबंद, चावी स्टोअरवाल्याकडे, स्टोअरवाला लग्नाला. शीट मऊ करायचं गरम पाण्याचं यंत्र बंद. शेवटी मॅडमनी फोन करून चावी मिळवून दिली आणि मी मावशीच्या पातेल्यात पाणी तापवून, त्यांनी शेजारी उभं राहून दाखवलं तसा, सांभाळून सांभाळून तो स्प्लिंट बनवला. मॅडम म्हणाल्या छान झालाय. आयुष्यातला पहिला चांगला स्प्लिंट माझा, फोटो काढून आईला पाठवला होता.

सोळा जानेवारी, वासी उत्तरायणाच्या (पतंगांचा दुसरा दिवस, पंधरा तारीख) दुसऱ्या दिवशी पोरगा आला. बोट वाकत नाही म्हणे. स्प्लिंट कुठे? पिशवीत. पतंग उडवलास? "ना बेन, पतंग नहोतो उडाड्यो, खाली फिरकी पकडी हती." फक्त फिरकी धरली होती!! तीन आठवड्यांची नस, आणि समोरचा ढील देतोय, हा फिरकी आवळून धरतोय. आता पुन्हा ऑपरेशन. आणि सरांनी सगळ्यांसमोर विचारलं काय माहितीये? "स्प्लिंट नीट बसला नव्हता का?" म्हणजे ज्याने हात वापरायचा त्याला घरचे वापरू देत नाहीत आणि ज्याने अजिबात वापरायचा नाही तो फिरकी धरतो, आणि दोन्हीकडे शिव्या खायला मी.

 

घरी येऊन मावशीला बटणाचं सांगितलं. वाटलं बाईमाणूस आहे, ऐकून घेईल. मावशी वरणात गूळ ढवळत म्हणाली (सगळ्यात गूळ, मला तर्री पोह्यांची स्वप्नं पडतात, सेवउसळीवर दिवस काढतेय), "अगं त्यांची सून ना? सोन्यासारखी आहे. सगळं हातात देते सासऱ्याच्या. पाण्याचा पेला उचलू देत नाही." आणि तिथे माझी ट्यूब पेटली. पूर्ण दांडिया बाजार बघून राहिलाय ना! वहिनीला मी गेल्या आठवड्यात बाजूला घेऊन समजावलं होतं तर ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती, ताई मला कळतं सगळं, पण भेटायला माणसं येतात, तेव्हा बाबा एका हाताने शर्टाशी झटापट करताना दिसले तर माझ्याकडे बघतात सगळे. तेव्हा मला ते कारणं देणं वाटलं होतं. आता वाटतं की तिचा काय इलाज आहे, आजोबांनी पेला उचलला की तिच्या नावाने चर्चा. मी मावशीला म्हटलं तुम्हीच लोकं आजोबांना लकव्यात ठेवून राहिले, तर मावशी दुखावली, आणि आता ती माझ्याशी बोलत नाहीये आणि माझा डबा मात्र भरून ठेवलाय, चार पोळ्या, मी दोन खाते हे दीड महिना सांगून पण.

रात्री साडेनऊला आजोबांच्या मुलाचा मेसेज आला. मला वाटलं सॉरी म्हणत असेल. फोटो होता. पलंगावर मांडलेले सहा टी-शर्ट, निळे, राखाडी, एक तर चक्क कार्टूनवाला. खाली लिहिलंय, "मॅडम, बटणांचा प्रॉब्लेम सॉल्व्ह!! आता तुम्हाला पण त्रास नाही 🙏"

मी तीन वेळा उत्तर टाइप करून खोडलंय. शेवटी एवढंच पाठवलं की उद्या येताना बटणाचा शर्ट पिशवीत घालून आणा आणि पाऊण तास तुम्ही बाहेर बसा. निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.