शाळेतील वर्तन विश्लेषकाविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

शाळेत येणारा वर्तन विश्लेषक मुलांना मनोरुग्ण ठरवतो, गोळ्या सुरू करतो आणि त्याच्या अहवालावरून मुलाचे नाव शाळेतून काढले जाते, असा संदेश बीड, लातूर परिसरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. हे तिन्ही दावे चुकीचे आहेत.

औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचा असतो आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सक्षम वैद्यकीय प्राधिकारीच देतात; वर्तन विश्लेषक यांपैकी काहीही करत नाही. तो वर्गात बसून विशिष्ट वर्तनाच्या आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले, याची नोंद ठेवतो. ऊसतोडीच्या हंगामानंतर आईवडिलांसोबत गावी परतलेला मुलगा वाचनाच्या तासाला पुस्तक भिरकावत असेल आणि त्याला प्रत्येक वेळी वर्गाबाहेर काढले जात असेल, तर त्या शिक्षेमुळे त्याचे न जमणारे वाचन टळते व पुस्तक फेकणे अधिकच पक्के होते. अशा वेळी वाचायला सोपा उतारा देणे, ‘मला मदत हवी’ असे म्हणायला शिकवणे आणि शिक्षकांच्या प्रतिसादात बदल सुचवणे, हे विश्लेषकाचे खरे काम असून ते पालकांच्या संमतीने व सहभागानेच व्हायला हवे. मुलाला उद्धट म्हणून मोकळे होण्यापेक्षा हे काम कितीतरी कष्टाचे आहे.

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही.