चेपस्टोचं दार आणि चार डुकरं

नाना ब्रिस्टलला मुलाकडे जाऊन आले की कट्ट्याला पंधरा दिवस पुरेल एवढा माल मिळतो. या खेपेला मोबाइलवर एका दाराचा फोटो होता. जाडजूड लाकडी दार, बाहेरून लोखंडी पत्रे ठोकलेले.

"चेपस्टोच्या किल्ल्याचं," नाना म्हणाले. "आठशे वर्षांपूर्वीचं. 1962 पर्यंत मुख्य दरवाज्यालाच होतं, आता आत ठेवलंय. खाली वाय नदी, नदीपलीकडे इंग्लंड."

"म्हणजे वेल्सचा किल्ला," बंड्या म्हणाला.

"वेल्समधला. वेल्सचा नव्हे, नॉर्मनांचा," सुहासने दुरुस्ती केली आणि चहा यायच्या आत जुंपली.

वाद हाच, की विल्यमने वेल्सची सीमा सरदारांवर सोपवली ते बरोबर की चूक. सुहास विल्यमचा भक्त; हा विल्यम म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंडचा राजा झालेला. त्याचं म्हणणं, 1066 ला इंग्लंड घेतलं तरी पश्चिमेची बाजू उघडीच होती. 1055 मध्ये वेल्श राजा ग्रिफिद अप लेवेलिनने हेरफर्ड जाळल्याचं लोक विसरले नव्हते. इकडे इंग्लंडच्या उत्तरेत बंडं चाललेली, सीमेवर कायमची फौज ठेवणार कुठून? मग विल्यमने तीन भरवशाचे सरदार बसवले. हेरफर्डला विल्यम फिट्झऑस्बर्न, श्रूजबरीला रॉजर दे मॉन्टगोमेरी, चेस्टरला ह्यू. सीमा सांभाळा, पुढे जिंकाल ते तुमचं.

"सब-काँट्रॅक्ट," बंड्या म्हणाला. तो बांधकामाच्या धंद्यातला. "आणि सब-काँट्रॅक्ट दिलं की साइट हातातून गेली म्हणून समज."

समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चाललंय, फुटपाथवर वाळूचा हा एवढा ढीग. मी म्हटलं, किल्ला म्हणजे आपला रायगड डोळ्यांपुढे आणू नका, या ढिगाकडे बघा. भोवती खंदक खणायचा, निघालेली माती मध्ये रचून टेकाड करायचं, वर लाकडी मनोरा, शेजारी कुंपण घातलेलं आवार. दगड नको, गवंडी नको. चेपस्टोचा दगडी मनोरा हा अपवाद. रॉजर दे मॉन्टगोमेरीचा हेन डोमेन हा किल्ला असाच मातीलाकडाचा होता, पुरातत्त्ववाल्यांनी तिथे वर्षानुवर्षं खणलं. गंमत म्हणजे रॉजरने नॉर्मंडीतल्या आपल्या गावाचं मॉन्टगोमेरी हे नाव इथल्या गावालाही चिकटवलं, पण वेल्श लोक त्या गावाला आजही 'बाल्डविनचं गाव' म्हणतात. तो बाल्डविनही वेल्श नव्हताच!

बंड्याला टेकाडात रस नव्हता. त्याला हिशेब हवा होता. "तुझे भरवशाचे सरदार निघाले कसे?"

इथे सुहास जरा अडचणीत आला. फिट्झऑस्बर्न 1071 मध्ये फ्लँडर्सच्या लढाईत मेला आणि चारच वर्षांत त्याच्या पोराने राजाविरुद्ध बंड केलं. मॉन्टगोमेरीचा मुलगा रॉबर्ट 1102 मध्ये राजा पहिल्या हेन्रीवर उलटला.

"तीनातली दोन घरं फिरली," बंड्याने बोटं दाखवली.

"आणि दोन्ही चिरडली! अर्लपदं, म्हणजे सरदारकीचे किताब, गेली. राजा कच्चा असता तर?" सुहास उसळला. "आणि विल्यमला वेल्स गिळायचंच नव्हतं, त्याला सीमा शांत हवी होती. 1081 मध्ये तो स्वतः सेंट डेव्हिड्सपर्यंत जाऊन आला. दक्षिण वेल्सचा राजा ऱ्हीस अप ट्यूडर वर्षाला चाळीस पौंड भरत होता. बिघडलं ते पुढे, 1093 मध्ये ऱ्हीस ब्रेकनजवळ मारला गेला तेव्हा. मग सगळे तुटून पडले."

खरं सांगायचं तर इथे मला सुहासचं पटलं. पण तुटून पडले ते सरदार, राजा नव्हे. म्हणजे बंड्याचंही खरंच.

"आणि टिकले का तिथे?" नाना म्हणाले. 1094 ला वेल्श उठले, किल्ल्यांमागून किल्ले गेले. पेम्ब्रोकचा किल्ला मात्र टिकला. आतलं धान्य संपत आलेलं. तिथला किल्लेदार विंडसरचा जेराल्ड. त्याने उरलेली चार डुकरं कापली आणि तुकडे तटावरून वेढा घालणाऱ्यांच्या अंगावर फेकले. वर एक पत्र लिहून त्यांच्याच हाती पडेल अशी सोय केली, की अजून चार महिने आम्हाला कुमक नको. वेढा उठला.

"सांगितलं कुणी हे?"

"जेराल्डच्या नातवाने. तोही जेराल्डच."

"हां, मग आजोबा हुशारच असणार!" बंड्या हसला. मी त्याला पुढचं नातं सांगितलं. या किल्लेदाराने पुढे लग्न केलं नेस्टशी, म्हणजे मारल्या गेलेल्या ऱ्हीसच्याच मुलीशी. तो नातू दोन्ही घरचा.

चहा संपला तरी बंड्याकडे एक पान उरलं होतं. "1250 साल. राजाचं पत्र घेऊन दूत आला सीमेवरच्या वॉल्टर क्लिफर्डकडे. क्लिफर्डने ते पत्र दूताला खायला लावलं, मेणाच्या मोहरेसकट. हे तुझं नियंत्रण?"

"पुढचं सांग ना. राजाने त्याला जबर दंड ठोकला."

"दंड ठोकला, पण त्या सरदारांची सत्ता मोडायला 1536 उजाडलं."

सुहासने काही न बोलता पाकीट काढलं आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. "हा दंड नाही हं," जाता जाता तो बंड्याला म्हणाला.