टाकी रंगवा, कुरडया फुकट

सगळ्यात आधी मे महिना निवडा. मोटारसायकलचे पार्ट घरच्या घरी रंगवायला सोलापुरात याहून चांगला मुहूर्त नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास हवा थंड असते, कोरडी असते, रंग गुमान बसतो. त्यात कसली मजा? मे महिन्याची दुपार, बारा ते तीन, पारा 42-43 वर, पेट्रोलची टाकी अर्धा तास उन्हात तापलेली. बोट टेकवलं तर चटका बसला पाहिजे. आता रंगाच्या स्प्रे गनचा ट्रिगर दाबा. टाकीपर्यंत पोचायच्या आधीच रंग पातळ करायचं थिनर उडून जातं, रंगाचे कण हवेतच वाळतात आणि टाकीवर पडतो तो रंग नसतो, रंगीत रवा असतो. वरून हात फिरवला की पॉलिश पेपरसारखा लागतो. म्हणजे पुढच्या घासकामाला पेपर विकत आणायची गरज उरली नाही.

दुपार हुकली तर संध्याकाळ धरा. चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं, वावटळ उठते, सातरस्त्यापासून सगळा धुरळा तुमच्या गच्चीवर येतो आणि मागोमाग वळवाचे चार थेंब. दमट हवेत मारलेल्या लॅकरवर दुधाळ पांढुरकी झाक येते. पेंटर लोक तिला दोष म्हणतात. तुम्ही ‘पर्ल फिनिश’ म्हणा.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी गेल्या पंधरवड्यात आजोबांची यामाहा आरएक्स 100 ‘रिस्टोर’ केली. हे मॉडेल कंपनीनं 1996 साली बंद केलं, पण आजोबांनी ती अशी सांभाळली होती की टाकीवर फक्त दोन पोचे आणि मांडीच्या घासण्यानं उडालेला थोडा रंग. तेवढं निमित्त पुरलं. पेंटरनं दोन हजार सांगितले. चिरंजीवांनी युट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले आणि पेंटर लुटतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. या सगळ्याचा मी साक्षीदार आहे. साक्षीदार कसला, पीडित आहे.

असो. कामाला लागू.

पार्ट धुवायचे नाहीत. चेनला मारायचा स्प्रे, डॅशबोर्डचं पॉलिश, असलं काहीबाही टाकीवर उडालेलं असतं, ते तसंच राहू द्या. त्यातल्या सिलिकॉनवर रंग टिकत नाही, जागोजागी बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल गोल खड्डे पडतात. टाकी तुमच्याकडे बघतेय असं वाटतं. शेंगाचटणी-भाकरी खाऊन हात न धुता टाकी उचललीत तर अतिउत्तम. पाचही बोटांचे ठसे क्लिअरकोटखाली, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराखाली, जन्मभर राहतील, उद्या गाडी चोरीला गेली तर ओळख पटवायला उपयोगी.

प्रायमर म्हणजे दुकानदाराचा धंदा.

मास्किंग टेप महाग पडते, खोक्याला लावायची खाकी चिकटपट्टी वापरा. काढताना ती सोबत थोडा रंग नेते, पण बदल्यात गोंद ठेवून जाते. व्यवहार चोख.

चॅसी नंबरवर तीन हात जाड मारा. पुढं आरटीओत साहेब बॅटरी घेऊन तो शोधत बसतील तेव्हा तुम्हाला तेवढाच निवांतपणा. आणि रंग काहीतरी वेगळा हवा असेल तर मिलिटरीचा ऑलिव्ह ग्रीन घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 121, तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखून ठेवलाय, पण तुमची छाती काय कमी आहे का?

खाली अंथरायला प्लॅस्टिक शोधत बसू नका. घरात सोलापुरी चादर आहे की! जीआय मानांकन मिळालेली, आईच्या लग्नातली, मोर काढलेली. धुऊन धुऊन जिचा रंग जात नाही तिच्यावर तुमचाही रंग जाणार नाही.

आणि आमच्यासारखे पूर्वभागात राहत असाल तर आणखी एक सोय. शेजारी माग. दिवसभर खडखडाट आणि हवेत रुईचे तंतू. ओल्या क्लिअरवर ते इतके सुरेख बसतात म्हणता! सोलापूरचा टर्किश टॉवेल परदेशात जातो, तशी टॉवेलची लव तुमच्या टाकीला घरबसल्या मिळते. पावसात गाडी पुसायचीसुद्धा गरज नाही.

आता घासणं. थेट खरखरीत 80 नंबरच्या पेपरनं सुरुवात करा आणि तिथंच थांबा. 220, 320, 400, 600 असं पायरीपायरीनं चढणारे लोक भित्रे असतात. 80 चे ओरखडे रंगातून वर दिसतात, नांगरलेल्या रानासारखे. पण व्हिडिओतल्या माणसानं सांगितलंय म्हणून वॉटर पेपर करायचाच असेल, तर तो बादलीत बुडवून करायचा नाही. नळ सोडून करायचा. धार चालू पाहिजे. आणि दिवस कुठला? पाणी येण्याचा.

उजनी धरण शंभर टक्के भरलं काय आणि उणे झालं काय, आपल्याकडे चार दिवसांआड. कधी पाच. रात्री दोनला सुटतं की पहाटे पाचला, ते देवाला आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला माहीत. त्या दिवशी सगळी बिल्डिंग जागी असते. बॅरल, घागरी, पिंप, भांडी घासायची पातेलीसुद्धा भरून घेतात. अशा वेळी गच्चीतल्या नळाला पाइप लावून दीड तास टाकी घासायची. दोन पोचे असलेली टाकी! दीड तास! राखाडी पाणी जिन्यावरून ओघळत खालपर्यंत गेलं पाहिजे, म्हणजे वरच्या टाकीत पाणी का चढलं नाही याचं उत्तर पायऱ्यांवरच वाचता येतं.

पेट्रोलचं विसरलोच. टाकी रिकामी केली की झालं, आत वाफ राहते वगैरे बोलणी मनावर घेऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त भडकते, कारण हवेत मिसळलेली वाफच पेट घेते, हे खरं आहे. पण खरं असलं म्हणून काय झालं? काढलेलं पेट्रोल उघड्या स्टीलच्या बादलीत ओता आणि बादली आजोबांच्या खुर्चीपाशी ठेवा. आजोबा बिडी ओढतात. त्यांची गाडी आहे, त्यांचाही सहभाग हवा.

आता मुख्य प्रश्न जागेचा. जागा अर्थात गच्ची. सगळ्यांची म्हणजे आपली. कम्प्रेसर मित्राकडून आणा, पाइप ओढा, आणि वाऱ्याची दिशा बघू नका. तिथं आधीपासून काही वाळत घातलेलं असेल तर तेही बघू नका.

आमच्या आईचं वय 71. ती दर उन्हाळ्यात कुरडया करते. नको म्हटलं तरी करते. कुरडई म्हणजे काय हे ज्याला फक्त तळलेली माहीत आहे त्याला कळायचं नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास येतो. रोज! चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात रोज! तिनं ते पाणी आपल्या अंघोळीतून वाचवलं. मग वाटायचं, गाळायचं, चीक रात्रभर ठेवायचा, वरची निवळ ओतून टाकायची. पहाटे चारला उठून तो चीक शिजवायला घ्यायचा. जसजसा शिजतो तसतसा घट्ट होतो, हाटताना दंडाला पेटके येतात. आणि गार व्हायच्या आत सोऱ्यानं पाडायच्या, गार झाला की सोऱ्या फिरत नाही. त्या दिवशी सव्वाशे कुरडया होत्या. माझ्या बहिणीला कोल्हापूरला पाठवायच्या, पुतण्याला पुण्याला, आणि खालच्या मजल्यावरही एक डबा. हो, चिरंजीवांच्या घरीसुद्धा. दरवर्षी जातो.

गनमधून सुटलेल्या रंगातला निम्म्याहून जास्त रंग वस्तूवर बसतच नाही, हवेत जातो. साध्या गनचा हिशेब असाच असतो. हवेत जातो म्हणजे नाहीसा होत नाही, शेजारी जातो. शेजारी कुरडया होत्या.

दुपारी आई वर गेली. मी तिच्या मागं. ती काही बोलली नाही. तिनं एक कुरडई उचलली, उन्हाकडे धरली, डोळे बारीक केले आणि मला विचारलं, “ही चमकतीय का रे?”

चमकत होती. मेटॅलिक निळा. मेटॅलिकमध्ये जी चमक असते ती अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चुऱ्याची असते. सव्वाशेच्या सव्वाशे कुरडयांवर तो चुरा बसला होता, एका बाजूनं, वारा ज्या बाजूनं होता त्या बाजूनं. उलट्या केल्या की पांढऱ्याशुभ्र. मी चिरंजीवांना हाक मारली. आले. बघितलं. खाली वाकून बोटानं एक खरवडली आणि म्हणाले, “काय नाय काका, थिनरनं निघतंय की.”

थिनरनं.

कुरडईवरचा रंग.

बरं, सल्ले संपलेले नाहीत. क्लिअर कडक वाळावं म्हणून त्यात हार्डनर घालतात, तो मोजून टाकू नका. डब्यावर प्रमाण छापलेलं असतं ते दुबळ्यांसाठी. चहाच्या कपानं ओता, दोन कप क्लिअर, ‘थोडंसं’ हार्डनर. वरून काच दिसते, आत कच्चंच राहतं. परवा आमच्या चिरंजीवांनी गाडी दिमाखात पंपावर नेली. नोझल काढताना दोन थेंब टाकीवर सांडले, जसे सगळ्यांच्या सांडतात. आधी क्लिअर फुगलं, मग सुरकुत्या पडल्या, दुधावरच्या सायीसारख्या. रुमालानं पुसायला गेले तर साय रुमालाला आली. मी मागच्याच रांगेत होतो. मला म्हणाले, “काका, हे पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळं झालंय.”

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला बरं वाटलं. पण ते पुढं म्हणाले, “हरकत नाही, रविवारी परत घासून नव्यानं मारतो.”

परत? अरे, परत?

आता तुम्ही-बिम्ही पुरे झालं. ऐक बे नीट. तू जो हार्डनर चहाच्या कपानं ओतलास ना, त्यात आयसोसायनेट असतं. फुफ्फुसाला त्याची एकदा अ‍ॅलर्जी बसली की पुढं अगदी जराशा फवाऱ्यानंही दमा उसळतो. तू तोंडाला रुमाल बांधला होतास. रुमालानं ते अडत नाही, दहा रुपयांच्या मास्कनंही अडत नाही. नीट चालणाऱ्या कारखान्यात हे मारणाऱ्याला नळीनं बाहेरची चांगली हवा देतात. तुझं तू बघ, तुझी फुफ्फुसं आहेत. पण जिन्याला लागून जी खिडकी आहे ती माझ्या बापाच्या खोलीची आहे. त्यांना वीस वर्षं दमा आहे, हे तुला माहीत आहे, कारण रात्री त्यांना रिक्षात घालताना दोनदा तूच हात दिला होतास. मग कळत कसं नाही रे? त्या दुपारी 43 डिग्रीत खिडकी लावून बसले होते ते, पंख्यानं गरम वारा अंगावर घेत. दोन दिवस दम्याचा पंप जवळ घेऊन झोपले. आणि तुझा तो कप आम्ही कचऱ्यात पाहिला, आत दगड झालेला.

हौसेला कोण नाही म्हणतंय? मीही पोरवयात माझ्या लुनाच्या मडगार्डाला ब्रशनं रंग फासला होता, कोपऱ्यात बसून, वर्तमानपत्र अंथरून. ओघळ आले, ते माझ्या गाडीला आले. तुझे ओघळ आमच्या जिन्याला का? दोन हजार वाचवलेस म्हणतोस. पाणी आमचं, गच्ची सगळ्यांची, चादर तुझ्या आईची, कुरडया माझ्या आईच्या, श्वास माझ्या बापाचा. वाचले नाहीत ते, आमच्याकडून घेतलेस. मारायचाच असेल तर पेंटरकडं जा, त्याच्याकडं बंद खोली आहे, एक्झॉस्ट आहे, तीस वर्षांचा हात आहे. नाहीतर टाकी आहे तशी चालव. आजोबांच्या मांडीनं घासलेला रंग होता तो, तोच बरा होता.

गच्चीच्या दाराला मी काल कुलूप घातलंय. सोसायटीत विचारून घातलंय, कुणी नाही म्हणालं नाही, तुझे आजोबाही नाही. किल्ली माझ्याकडं नाही. आईकडं आहे. रविवारी लागली तर तिच्याकडं जाऊन माग.