‘जज्जच जज्ज नेमतात’: फिरणाऱ्या संदेशात खरं किती

‘जज्जच जज्ज नेमतात, सरकारचा संबंध नसतो, म्हणून सगळ्या कोर्टांत त्यांचीच मुलं-भाचे. न्यायिक नियुक्ती आयोग टिकला असता तर हे थांबलं असतं.’ हा संदेश जोरात फिरतोय. (हा आयोग म्हणजे न्यायमूर्तींच्या निवडीत कायदामंत्र्यांनाही जागा देणारी, पण रद्द झालेली यंत्रणा.)

‘सगळ्या कोर्टांत’ हे साफ चूक. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, एमपीएससीच्या पूर्व, मुख्य परीक्षेतून आणि मुलाखतीतून येतात. तिथे कॉलेजियम, म्हणजे नावं सुचवणारी ज्येष्ठ न्यायमूर्तींची समिती, नाहीच.

सरकारचा संबंध? उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं काढतात. ती मुख्यमंत्री-राज्यपालांमार्फत केंद्रीय कायदा मंत्रालयाकडे जातात, गुप्तचर विभागाचा अहवाल लागतो, मग सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम ठरवतं. सरकारने परत पाठवलेल्या नावाची फेरशिफारस सरकारवर बंधनकारक असते, पण फाइल नुसती पडून राहिली तर उपाय नाही. वकील सौरभ किरपाल यांचंच बघा, ते माजी सरन्यायाधीशांचे चिरंजीव. दिल्ली उच्च न्यायालयाने 2017 मध्ये नाव पाठवलं, जानेवारी 2023 मध्ये फेरशिफारस झाली, तरी अडलं.

‘त्यांचीच मुलं’ याला आकडा आहे. 9 नोव्हेंबर 2022 ते 5 मे 2025 या काळात उच्च न्यायालयांसाठी मंजूर झालेल्या 221 नावांत आजी-माजी न्यायमूर्तींचे नातेवाईक 14. नामवंत वकिलांची मुलं यात मोजलेली नाहीत, आणि खरं दुखणं तिथेच आहे. शिफारशीच्या वेळी वकिलाचं पाच वर्षांचं उत्पन्न आणि त्याने लढवलेल्या खटल्यांचे निकाल पाहतात. पहिल्या पिढीचा वकील उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या चेंबरमध्ये तारखा घेण्यात घालवतो. घराण्यातल्याला चेंबर, पुस्तकं आणि पक्षकार आयते मिळतात, सरकारी वकिलांच्या पॅनेलची वाटही सोपी होते. ते पॅनेल सरकारच नेमतं. मग आयोगात कायदामंत्री बसवून ही चाळणी कशी बदलणार? 2015 मध्ये रद्द झालेल्या त्या आयोगातही सहापैकी तीन न्यायमूर्तीच होते. नेमणुका सरकारच्या हातात असताना, 1958 मध्ये, मोतीलाल सेटलवाड यांच्या विधी आयोगाने (कायद्यातले बदल सुचवणारा सरकारी आयोग) वशिल्याची तक्रार नोंदवलीच होती.

विश्वास जातो तो मात्र रोजच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीवर. बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला नातेवाईक न्यायमूर्तींपुढे उभं राहता येत नाही. व्यवहारात ही बंदी त्या पीठापुरती उरते. शेजारच्या दालनात तो उभा राहतो आणि समोरचा पक्षकार आडनाव वाचून मनातून हरतो. ज्यांचे नातेवाईक तिथेच वकिली करतात त्या न्यायमूर्तींना त्या उच्च न्यायालयात नेमू नका, असं विधी आयोगाने 2009 च्या 230 व्या अहवालात सुचवलं होतं. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, बदलीचा आदेश पुरतो.